नगराध्यक्ष आपलाच हवा, पण कशासाठी?

५ नोव्हेंबरला सकाळी मोबाइल उघडला, तर बहुतेकांच्या स्टेटसवर एकच चेहरा. जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले होते. नात्यातल्या, शाळेतल्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या अशा सगळ्या ग्रुपवर 'माशाअल्लाह'चा पाऊस पडत होता. न्यूयॉर्कला पहिला मुसलमान मेयर मिळाला, हे जो तो दुसऱ्याला सांगत होता. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

त्याच दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात आणखी एक बातमी होती. राज्य निवडणूक आयोगाने आदल्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या होत्या. मतदान २ डिसेंबरला, मतमोजणी ३ डिसेंबरला. त्यात आमचे सिल्लोडही आहे. न्यूयॉर्कमध्ये मतदान चालू होते, त्याच दिवशी आमच्या गावाची तारीख ठरली. पण कुणाच्या स्टेटसवर तिचा पत्ता नव्हता.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, आणि उर्दूचे तासही घेते. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "टीचर, वो ममदानी का काम और अपने नगराध्यक्ष का काम सेम रहता क्या?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "नगराध्यक्ष का काम क्या रहता, पहले वो तो बताओ!" वर्ग हसला. मीही हसले. पण खरे सांगायचे तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन ओळींपलीकडे माझ्याकडेही त्या क्षणी उत्तर नव्हते.

मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना विचारले, "ममदानींनी लोकांना कबूल काय केले होते?" एकालाच थोडेफार ठाऊक होते. मग आम्ही शोधून वाचले. घरभाडे गोठवायचे, शहरातल्या बस मोफत करायच्या, लहान मुलांचा सांभाळ मोफत करायचा, शहराच्या मालकीची किराणा दुकाने काढायची. त्यांची निवडणूक या चार गोष्टींवर लढली गेली. भाडे, बस, मूल आणि किराणा. आपण नाव घेतले, जाहीरनामा तिथेच ठेवला.

वाचकहो, हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. मी शिक्षिका आहे, आचारसंहिता लागू आहे, निवडणुकीचे काम आम्हा शिक्षकांनाच करायचे असते. त्यामुळे कुणाला मत द्या आणि कुणाला देऊ नका, हे मी सांगणार नाही, आणि ते सांगणे माझे कामही नाही. खुर्ची काय आहे, एवढेच सांगणार आहे. तिच्यावर कोण बसावे, ते आपण ठरवा.

भाषा शिकवणाऱ्याने शब्दापासून सुरुवात करावी, म्हणून आधी शब्द. 'मेयर' हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला, त्याचा अर्थ मोठा किंवा अधिक थोर. 'महापौर' त्याच धर्तीवरचा आहे. पुरात राहणारा तो पौर, आणि पौरांमध्ये जो थोर तो महापौर. म्हणजे आधी तो नागरिक आहे, मग मोठा. 'अध्यक्ष' शब्दात 'अक्ष' आहे, म्हणजे डोळा. ज्याची सगळ्यावर नजर आहे तो अध्यक्ष. आपल्या उर्दूत नगरपालिकेला 'बलदिया' म्हणतात, 'बलद' म्हणजे शहर यावरून. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून सापडतो. तिचा प्रमुख तो 'सदर-ए-बलदिया'. आता 'सदर' पाहा. मराठीत सदर म्हणजे वाड्यातली ती जागा, जिथे मालक बसायचा आणि गावचे लोक येऊन आपले गाऱ्हाणे मांडायचे. नागरिक, नजर आणि गाऱ्हाणे ऐकण्याची जागा. पदाचा अर्थ या तीन शब्दांत आला आहे. राजा, मालक, दाता हे अर्थ कुठल्याच शब्दात नाहीत. ते आपण मागाहून चिकटवले.

आता कायदा. महापौर महानगरपालिकेत असतो, नगराध्यक्ष नगरपरिषदेत. छत्रपती संभाजीनगरला महापौर, सिल्लोडला नगराध्यक्ष. २०११ च्या जनगणनेत आमच्या गावाची लोकसंख्या ५८ हजारांच्या आसपास होती. ४० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या नगरपरिषदा 'ब' वर्गात मोडतात, त्यांत आपण. नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतो.

एक गमतीची गोष्ट सांगते. मुंबईच्या महापौराला मुंबईचा मतदार थेट निवडत नाही. नगरसेवक निवडतात, आणि तेही अडीच वर्षांसाठी. सिल्लोडच्या नगराध्यक्षाला मात्र सिल्लोडचा प्रत्येक मतदार स्वतः निवडतो. ही पद्धत आपल्या राज्यात सारखी बदलत आली. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सरकार बदलले की पद्धत बदलली. आज ती थेट आहे. म्हणजे २ डिसेंबरला आपण प्रभागाच्या सदस्यांसाठी मत देऊ आणि नगराध्यक्षासाठी वेगळे मत देऊ. न्यूयॉर्कचा मतदार जे करतो, तेच सिल्लोडचा मतदार करतो.

पण अधिकार मात्र सारखे नाहीत. न्यूयॉर्कच्या महापौराच्या हाताखाली पोलिस आहेत, शाळा आहेत, आणि शंभर अब्ज डॉलरहून मोठे अंदाजपत्रक आहे. आपला नगराध्यक्ष नगरपरिषदेच्या सभेचे अध्यक्षपद भूषवतो. स्थायी समितीचा तो पदसिद्ध सभापती असतो. पैशाच्या आणि प्रशासनाच्या कारभारावर लक्ष ठेवणे आणि ते सभेपुढे मांडणे, हे त्याचे कायद्याने ठरलेले काम आहे. ठराव मात्र सभा करते. ठरावाची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो, आणि मुख्याधिकाऱ्याला राज्य सरकार नेमते. म्हणून 'मी निवडून आलो तर एका रात्रीत करून टाकीन' असे कुणी म्हणाले, तर समजावे की त्याने कायदा वाचलेला नाही, किंवा आपण वाचलेला नाही याची त्याला खात्री आहे.

मग नगराध्यक्षाच्या हातात काहीच नाही का? तसेही नाही. कोणता विषय सभेपुढे आधी येणार, कोणत्या कामाची फाइल पुढे सरकणार, अंदाजपत्रकात कोणत्या वस्तीची नाली बसणार, मुख्याधिकाऱ्याला सभेत कोणता प्रश्न विचारला जाणार, इथे त्याचे वजन असते. सरकारकडून अनुदान खेचून आणायचे असेल, तर मुंबईच्या चकरा मारणाराही तोच असतो. आपल्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. २००९ पासून आपले आमदार असलेल्या आणि मंत्रीही झालेल्या अब्दुल सत्तारांची वाटचाल गावपातळीवरच्या राजकारणातूनच झाली. नगरपरिषदेचे महत्त्व राजकारण्यांना नीट कळते. प्रश्न आपल्याला कळते का, हा आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान मिळाले. त्या दुरुस्तीसोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रस्ते, पथदिवे, अग्निशमन, बागा आणि मैदाने, झोपडपट्टी सुधारणा, कत्तलखान्यांचे नियमन. त्याच यादीत जन्ममृत्यूची नोंद आहे आणि त्याच यादीत दफनभूमी आणि स्मशानभूमी आहे. माणूस जन्मला की त्याचे नाव नगरपरिषदेच्या रजिस्टरात चढते, आणि तो गेला की पुन्हा तिथेच चढते. जन्मदाखल्याचे मोल काय असते, हे गेल्या वर्षभरात आपल्या समाजाला फार महागात पडून कळले आहे. दिल्लीत कोण बसला यावर आपण रात्र रात्र बोलतो. पण आपल्या नावातला काना-मात्रा ज्या टेबलावर दुरुस्त होतो, ते टेबल दिल्लीत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. सिल्लोडला येण्याआधी मी दुसऱ्या एका गावात नोकरीला होते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही गोष्ट पुष्कळ गावांची आहे. आमच्या शाळेच्या फाटकासमोर एक नाली होती. पावसाळ्यात ती तुंबायची आणि पाणी फाटकातून आत यायचे. मुली चपला हातात घेऊन, सलवार वर धरून वर्गात यायच्या. आम्ही शिक्षिका आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे गेलो. त्याने खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि म्हणाला, "फिकर मत करो टीचर, अध्यक्ष अपना आदमी है." आम्ही समाधानाने परतलो. तो पावसाळा गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. पुन्हा चहा, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या आजोबांना आमची दया आली. ते सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "बेटी, चाय पिके आते हो, आवक नंबर लेके आते क्या?"

आवक नंबर! वीस वर्षे पत्रलेखन शिकवणाऱ्या मला तो माहीत नव्हता असे नाही. पण 'आपल्या माणसाकडे' जाताना अर्ज कशाला, असे वाटले होते. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, प्रत नगराध्यक्षांना दिली, दोन्हींवर पोहोच घेतली. आजोबांच्याच सांगण्यावरून माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा दुसरा अर्ज दिला: या नालीसंबंधी सभेत कधी काही ठराव झाला आहे का? उत्तर आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. त्या नालीच्या कामाचा ठराव तीन वर्षांपूर्वीच मंजूर झाला होता. आम्ही पहिला चहा पिण्याच्याही आधी! पुढची कार्यवाही कुणी केली नव्हती, आणि ती का केली नाही असे कुणी विचारलेही नव्हते. 'आपला माणूस' वाईट नव्हता. त्याला विचारणारे कुणी नव्हते, एवढेच. कारण विचारायला हवे होते ते आम्ही, आणि आम्ही त्याला आपला मानून मोकळे झालो होतो.

नाली पुढे अर्धी झाली. उरलेली अर्धी होण्याआधी माझी बदली झाली. गोष्टीचा शेवट याहून चांगला असता तर बरे झाले असते, पण जे झाले ते हे.

म्हणून आता त्या नाजूक विषयाकडे येते. 'आपला माणूस'. आमच्या मोहल्ल्यांत निवडणुकीच्या दिवसांत हाच शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो. आपला माणूस बसला पाहिजे. या भावनेची मी चेष्टा करणार नाही. ज्यांना कचेरीत दाराबाहेर उभे राहावे लागते, मराठी नीट बोलता येत नाही म्हणून ज्यांचा अर्ज परत केला जातो, ज्यांच्या वस्तीत पाण्याची लाइन शेवटी येते, त्यांना आत कुणीतरी ओळखीचा चेहरा असावा असे वाटणारच. ते चूक नाही. लोकशाहीत प्रतिनिधित्वाला किंमत आहे. आपल्या मुलीने त्या खुर्चीवर आपल्यासारखे नाव पाहिले, तर तिलाही वाटते की ही खुर्ची माझीही होऊ शकते.

पण चेहरा बसला की आपण घरी येतो. पाच वर्षांत मोहल्ल्याला काय मिळते? एखादी कमान, एखाद्या चौकाचे नाव, ईदच्या शुभेच्छांचा फलक, कब्रस्तानाच्या भिंतीचे भूमिपूजन. कब्रस्तानाची भिंत हवीच, तो अनुसूचीतला विषय आहे, उपकार नाही. पण जिवंत माणसांच्या पाण्याचा, अभ्यासिकेचा, दवाखान्याचा हिशेब कोण मागणार? आणि जे आमच्याहून वेगळ्या मोहल्ल्यात राहतात, त्यांच्याकडेही हेच चालते. 'त्यांचा माणूस बसू नये' एवढ्यासाठी मत दिले जाते. दोन्हीकडचे लोक खुर्चीवरच्या माणसाची जात-जमात मोजतात, आणि खुर्चीसमोरच्या टेबलावरची फाइल कुणीच वाचत नाही. याचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला मी लागत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात याहून चांगला वारसा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नगराध्यक्ष नव्हेत, साधे सदस्य. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. सभागृहात फुले एकटे विरोधात उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव मंजूर झाला, ते हरले. पण आज दीडशे वर्षांनी आपल्याला आठवतो तो हरलेला सदस्य. नगरपालिकेतल्या पैशाकडे कसे पाहावे, याचा धडा त्या एका मतात आहे.

दुसरे नाव यूसुफ मेहेरअली. १९४२ मध्ये मुंबईच्या महापौरपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते तुरुंगात होते. 'क्विट इंडिया' या घोषणेचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हेच. त्यांना निवडणाऱ्या सभागृहात सगळ्या समाजांचे लोक होते. आमच्या मुलांना न्यूयॉर्कचे नाव पाठ आहे आणि मुंबईचे ठाऊक नाही, यात मुलांचा दोष नाही. आम्हीच सांगितले नाही. त्याआधी पंडित नेहरू अलाहाबादच्या आणि सरदार पटेल अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष राहून गेले होते. देश चालवायला निघालेल्या माणसांनी आधी गावाच्या नाल्या आणि नळ पाहिले होते. नगरपालिका ही छोट्या माणसांची जागा आहे असे त्यांना वाटले नाही.

आणि याहून मागे जायचे तर आपल्या जिल्ह्यातच मलिक अंबर आहे. हबशी गुलाम म्हणून आणलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी खापराच्या नळांनी शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. त्याला कुणी निवडून दिले नव्हते, त्यामुळे नगराध्यक्षाशी त्याची तुलना होत नाही. पण चारशे वर्षांनंतर त्याच्या लढायांची नावे सांगणारे थोडे आहेत, पाण्याची गोष्ट सांगणारे पुष्कळ. गावाच्या लक्षात काय राहते, ते यावरून कळावे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. गेली काही वर्षे राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांत आणि कितीतरी नगरपरिषदांत ही खुर्ची रिकामीच होती. छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हापासून २०२५ संपेपर्यंत तिथे महापौर नव्हता, प्रशासक होता. मुंबईत मार्च २०२२ पासून हीच स्थिती होती. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. ही खुर्ची जर आपल्या मान-अपमानाची इतकी मोठी गोष्ट आहे, तर ती पाच-पाच वर्षे रिकामी असताना आपल्याला तिची आठवण का झाली नाही? मला वाटते, कारण आपल्याला निवडणूक हवी असते, कारभार नको असतो. गुलाल हवा असतो, सभेचे इतिवृत्त नको असते.

महिलांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, मी स्वतः बाई आहे म्हणून जास्तच. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. यामुळे आमच्यासारख्या गावांतूनही बायका सभागृहात पोहोचल्या. पण फलकावर बाईंचा फोटो छोटा आणि त्यांच्या पतीचा मोठा, हे चित्र सगळ्या समाजांत सारखे दिसते. बाई सही करतात, मीटिंगला 'साहेब' जातात. बाईंना येत नाही म्हणून असे होते, हे मी मानत नाही. घरचा महिनाभराचा जमाखर्च कुठे तोंडमिळवणी करून बसवायचा, हे ज्यांना कळते, त्यांना अंदाजपत्रक कळणार नाही? नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे सभागृहातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा त्यांना जास्त माहीत असते. पाण्यासाठी पहाटे उठतात त्याच. त्यांना बोलू द्या. उमेदवार बाई असेल तर प्रश्न त्यांनाच विचारा, आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून घ्या.

प्रश्न कोणते, असे मला एका पालकाने विचारले. मी त्यांना वहीच्या कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. तेच इथे देते. कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही समाजाचा उमेदवार दारात आला की हे विचारता येतील.

पहिला: नगरपरिषदेचे चालू वर्षाचे अंदाजपत्रक तुम्ही वाचले आहे का? घरपट्टी-पाणीपट्टीतून किती येते आणि सरकारी अनुदानातून किती?

दुसरा: आमच्या वस्तीत नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वेळ येईल, याचे वेळापत्रक लावून ते पाळून घ्याल का?

तिसरा: सभेत कोणते ठराव झाले, त्यांतले किती पूर्ण झाले, याची यादी वर्षातून दोनदा चौकात लावाल का?

चौथा: जन्मदाखला, मृत्यूदाखला या गोष्टी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरल्या मुदतीत मिळायला हव्यात. त्यासाठी तुमच्या चिठ्ठीची गरज पडू नये, अशी व्यवस्था कराल का?

पाचवा: सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे आले, तर काम कसे चालवाल? थेट निवडणुकीत असे होऊ शकते. अध्यक्ष एका पक्षाचा, सदस्य दुसऱ्याचे. मग दोघे भांडत बसतात आणि नाली तशीच वाहते.

या प्रश्नांवर कुणी रागावला, तर त्याचा रागही एक उत्तर समजा. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा: माझी घरपट्टी भरलेली आहे का? थकबाकी ठेवायची आणि मग हिशेब मागायचा, हे जमत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी असतो. 'हिशेब' हा शब्द मराठीत अरबीतून आला, 'हिसाब' वरून. त्याच धातूपासून 'मुहतसिब' शब्द बनतो. जुन्या मुस्लिम शहरांत बाजाराची वजनमापे तपासणारा, रस्त्यावर अडथळा करणाऱ्याला हटकणारा अधिकारी तो मुहतसिब. आता तसा अधिकारी नाही. त्याचे काम मतदाराकडे आले आहे. आपला माणूस असेल, तर त्याच्याकडून हिशेब जास्त कडक घेतला पाहिजे, कारण त्याने चूक केली की बोल आपल्या सगळ्यांना लागतो.

त्या आठवड्यात मी सहावीला औपचारिक पत्र शिकवायला घेतले. विषय दिला: 'नगराध्यक्षांना विनंतीपत्र'. मुलांनी वह्या उघडल्या. "प्रति, मा. नगराध्यक्ष, नगरपरिषद, सिल्लोड." इथपर्यंत लिहून सगळे थांबले. एकाने विचारले, "टीचर, नाम किसका डालना? अभी तो चुनाव होना है." मी म्हणाले, "नाव नको. पत्र पदाला लिहायचे असते. जो बसेल, त्याला ते वाचावे लागेल."

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने सगळ्यात मोठे पत्र लिहिले. तिला अशी बाग हवी आहे, जिथे तिच्या अम्मीला संध्याकाळी तासभर बसता येईल, आणि अशी अभ्यासिका हवी आहे, जिथे मुलींना जायला घरचे नाही म्हणणार नाहीत. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून दिल्या. तिने पत्र पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढले आहे. निकाल लागला की ते घेऊन आम्ही जाणार आहोत, आणि येताना आवक नंबर घेऊन येणार आहोत.